लेडव्हिलची मातीची वाट

डेन्व्हर शहरातून पश्चिमेस निघालेला प्रवासी तासा-दीड तासात रॉकी पर्वताच्या कुशीत शिरतो. कॉपर माउंटनपाशी मोठा महामार्ग सोडून गाडी दक्षिणेकडे वळली, की रस्ता फ्रेमाँट खिंडीकडे चढू लागतो. येथपर्यंत दोन्ही बाजूंस सूचिपर्णी वृक्षांची दाट राने असतात. सुमारे ३,४५० मीटर उंचीच्या या खिंडीच्या माथ्यावर मात्र दृश्य एकाएकी पालटते आणि एक अख्खा डोंगर अर्धामुर्धा खरवडून काढलेला दिसतो. ही क्लायमॅक्सची खाण. येथे मॉलिब्डेनम निघते. पोलादाला बळकटी आणणारा हा धातू सामान्य माणसाच्या कधी दृष्टीस पडत नाही. तरी खिंडीपलीकडच्या एका गावाची चूल कित्येक दशके याच धातूच्या आधारावर पेटत होती. खिंड उतरून वीस किलोमीटर गेले, की ते गाव येते. त्याचे नाव लेडव्हिल.

गाव लहानसे आहे. वस्ती अडीच-तीन हजारांची. हॅरिसन ॲव्हेन्यू हा एकच मोठा बाजाररस्ता आणि त्याच्या दुतर्फा एकोणिसाव्या शतकातील विटांच्या इमारती. पश्चिमेस माउंट एल्बर्ट आणि माउंट मॅसिव्ह ही दोन बलदंड शिखरे उभी आहेत. त्यांतील एल्बर्ट हे संपूर्ण रॉकी पर्वतरांगेतील सर्वोच्च शिखर. गावाचीच उंची ३,०९४ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच अशा कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. येथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे सत्तर टक्के भरतो. नवख्या पाहुण्याला पहिल्या रात्री धड झोप लागत नाही, आणि उतरलेल्या घराचा जिना चढतानाही मध्येच थांबून श्वास घ्यावासा वाटतो.

अशा या गावात दर वर्षी ऑगस्टमधील एका शनिवारी, सकाळी साडेसहा वाजता, सिक्स्थ स्ट्रीटवर हजाराहून अधिक सायकलस्वार दाटीवाटीने उभे असतात. बंदुकीचा बार होतो आणि सारा जथा उतारावरून गावाबाहेर पडतो. शंभर मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १६५ किलोमीटर अंतर, साडेतीन हजार मीटरांहून अधिक एकूण चढण आणि त्यासाठी बारा तासांची मुदत. या शर्यतीला जगभर ‘लेडव्हिल १००’ म्हणतात. डोंगरी सायकलींच्या शर्यतींत हिच्याहून अवघड वाटा पुष्कळ आहेत. पण आयुष्यभर डांबरी रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला एकदा मातीत उतरून पाहावेसे वाटले, तर अमेरिकेत त्याच्या मनात पहिल्यांदा येते ते याच गावाचे नाव.

गावाने ही शर्यत हौसेपोटी सुरू केलेली नाही. तिच्या मुळाशी पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि तो समजण्यासाठी या गावाचा जुना जमाखर्च थोडा चाळला पाहिजे.

होरेस टेबर हा मूळचा व्हर्माँट प्रांतातील पाथरवट. १८५९ मध्ये सोन्याच्या शोधात पत्नी ऑगस्टा आणि लहान मुलासह तो कॉलोराडोत आला. सोने फारसे हाती लागले नाही, म्हणून त्याने दुकान थाटले. दुकानात येणारे खाणशोधे बहुधा कफल्लक असत. त्यांना शिधा, फावडी, कुदळी उधार द्यायच्या आणि काही सापडले तर त्यात भागी घ्यायची, अशी त्या मुलखाची रीत होती. १८७८ च्या वसंतात रिशे आणि हूक नावाचे दोघे जर्मन खाणशोधे असाच माल घेऊन गेले. पहिली उधारी सतरा डॉलरची होती असे सांगतात. मोबदल्यात टेबरला एकतृतीयांश हिस्सा कबूल झाला. त्या दोघांनी खोदलेल्या खड्ड्यात चांदीची शीर लागली. लिट्ल पिट्सबर्ग नावाची ती खाण. पुढच्याच वर्षी टेबरने आपला हिस्सा दहा लाख डॉलरला विकला. तो गावाचा पहिला नगराध्यक्ष झाला, राज्याचा उपराज्यपाल झाला. त्याने १८७९ मध्ये हॅरिसन ॲव्हेन्यूवर बांधलेले ऑपेरा हाउस आजही उभे आहे. १८८० च्या जनगणनेत लेडव्हिलची लोकसंख्या १४,८२० भरली. दोन-तीन वर्षांपूर्वी तेथे झोपड्यांपलीकडे काही नव्हते.

चढती कमान अशी, तर उतरतीही तशीच. १८९३ मध्ये अमेरिकी सरकारने चांदीखरेदीचा कायदा रद्द केला, भाव कोसळले आणि टेबरचे सर्वस्व गेले. १८९९ मध्ये तो वारला, तेव्हा डेन्व्हरचा पोस्टमास्तर म्हणून पगारावर काम करीत होता. त्याची दुसरी पत्नी मॅचलेस नावाच्या बंद पडलेल्या खाणीशेजारच्या खोपटात एकटी राहिली आणि १९३५ च्या मार्चमध्ये तेथेच थंडीने गारठून मृतावस्थेत सापडली. ही शोकांतिका अमेरिकेत पुष्कळांना ठाऊक आहे. पहिली पत्नी ऑगस्टा हिची आठवण त्या मानाने कमी निघते. दुकानाच्या त्या हलाखीच्या वर्षांत तिने घर आणि व्यवहार दोन्ही सांभाळले होते, आणि घटस्फोटानंतर मिळालेला पैसा तिने इतक्या जपून गुंतवला, की अखेरपर्यंत ती संपन्न राहिली. व्यापारी घरातील वाचकांना या कथेतील खरी नायिका कोण, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

चांदीनंतर शिसे आणि जस्त आले, पुढे क्लायमॅक्सचे मॉलिब्डेनम आले. खाणीचा पगार चांगला होता. शाळा सोडली की मुलगा बापाच्या मागोमाग खिंडीवर कामाला जाई. १९८० नंतर पोलादाचा धंदा मंदावला आणि १९८२ पर्यंत हजारो कामगारांना घरी बसवले गेले. घरे विकायला निघाली, पण घ्यायला कोणी नव्हते. काम गेलेल्यांत केन क्लाउबर नावाचे एक मुकादम होते. त्यांना गाढवांच्या शर्यतीचा नाद. खाणीतून माल वाहणाऱ्या गाढवाला दोरीने धरून त्याच्याबरोबर डोंगरातून पळायचे, असा हा तिकडचा जुना खेळ आहे. शंभर मैल धावण्याची एक शर्यत अन्यत्र होते, हे त्यांच्या कानी आले आणि त्यांनी सरळ दुकानदारी हिशेब मांडला. इतके लांब पळायला माणसाला दिवस आणि रात्र लागणार, म्हणजे तो गावात मुक्काम करणार. मुक्काम केला की जेवणार, काहीबाही विकत घेणार. गावातील दवाखान्याच्या व्यवस्थापकाने त्यांना सांगितले, की या उंचीवर असा प्रकार केलात तर कोणीतरी मरेल. त्यावर, मग निदान गावाचे नाव तरी होईल, असे उत्तर क्लाउबर यांनी दिल्याचे सांगतात. १९८३ च्या पहिल्या शर्यतीत ४५ जण धावले आणि दहा जण पोहोचले. कोणी मेले नाही. क्लाउबर आणि त्यांच्या सहकारी मेरिली मॉपिन यांनी १९९४ मध्ये त्याच वाटांवर सायकलींची शर्यत सुरू केली.

या वाटा म्हणजे खाणकामाच्या काळातील गाडीरस्ते, जलवाहिनीच्या कडेचे कच्चे मार्ग आणि विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी. अरुंद आणि धोंड्यांनी भरलेली पायवाट त्यांत फारच थोडी. डोंगरी सायकलीचे कट्टर भोक्ते म्हणूनच या शर्यतीला थोडी नाके मुरडतात. येथे कौशल्यापेक्षा दमाची परीक्षा होते, हे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. रस्त्यावरच्या सायकलस्वारालाही नेमके हेच मोहात पाडते. दम तर आपल्यापाशी आहेच, मग अडचण कसली, असे त्याला वाटते.

अडचण पहिल्या तासातच कळते. रस्त्यावरच्या शर्यतीची सारी विद्या घोळक्यात राहण्याची आहे. पुढच्या स्वाराच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिले, की वारा तो कापतो आणि मागच्याची पाव ते तृतीयांश शक्ती वाचते. कधी पुढे यायचे, कधी लपायचे, शेवटच्या किलोमीटरपर्यंत शक्ती कशी राखायची, हे तेथील शहाणपण. मातीच्या चढावर वेग इतका कमी असतो, की आडोशाचा उपयोग उरत नाही. पुढच्याला चिकटून राहिले तर खालचे दगड दिसत नाहीत आणि डोळ्यांत धूळ जाते ती वेगळीच. शिवाय येथे सुरुवातीलाच जोर लावावा लागतो, कारण सेंट केव्हिन्सच्या पहिल्या चढणीपाशी वाट आवळते. मागे राहिलेल्याला पुढच्यांच्या रांगेत पायउतार होऊन सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी अडचण चाकाची. रस्त्याच्या सायकलीचे टायर बोटभर रुंदीचे आणि दगडासारखे घट्ट असतात. त्यांत ऐंशी ते शंभर पौंड दाबाची हवा भरतात. डोंगरी सायकलीचे टायर दोन इंचांहून रुंद, आणि त्यांत जेमतेम वीस-पंचवीस पौंड हवा. रस्त्याला सरावलेल्या माणसाला ते चाक पंक्चर झाल्यासारखेच वाटते, म्हणून तो पंप घेऊन आणखी हवा भरतो. मग प्रत्येक खड्यावरून चाक उसळते आणि वळणावर घसरते. मऊ टायर दगडाला कवटाळून पुढे जातो आणि या वाटेवर तोच वेगवान ठरतो, ही गोष्ट बुद्धीला पटली तरी हाताला पटायला वेळ लागतो.

तिसरी अडचण सवयीची आहे आणि तीच सर्वांत चिवट. चढ तीव्र झाला की रस्त्यावरचा स्वार आसनावरून उठतो आणि उभा राहून पायडल मारतो. सैल मातीवर तसे केले, की मागच्या चाकावरचे वजन कमी होते, चाक जागच्या जागी फिरते आणि सायकल थांबते. येथे बसून राहायचे, छाती दांड्याकडे झुकवायची आणि हलक्या गिअरमध्ये पाय सारख्या गतीने फिरवत न्यायचे असते. उतारावर याच्या उलट. कंबर मागे न्यायची, कोपरे बाहेर काढायची, ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा आणि वळणात सोडायचा. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता पंधरा-वीस पावलांवरच्या मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण नजर जेथे जाते तेथेच चाक जाते. ज्या धोंड्याची भीती वाटते त्याच्याकडे एकटक पाहिले, तर त्याच्यावर आदळणे जवळजवळ ठरलेले.

सेंट केव्हिन्सनंतर टरक्वॉइज तलावाच्या कडेने डांबरी रस्ता लागतो आणि रस्त्याच्या स्वाराला क्षणभर माहेरी आल्यासारखे होते. तेथून पुन्हा कच्ची चढण, शुगरलोफचा खांदा आणि मग पॉवरलाइनचा उतार. विजेच्या खांबांखालून डोंगर थेट खाली कोसळतो. पावसाच्या पाण्याने खोल चऱ्या पडलेल्या असतात. चाक एकदा त्या चरीत गेले की बाहेर काढणे कठीण. दोन्ही हातांची बोटे ब्रेकवर आखडून जातात. रस्त्याच्या शर्यतीत ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने घाट उतरलेला माणूस येथे धावत्या माणसाच्या वेगाने उतरतो, आणि गावातील पंधरा-सोळा वर्षांची मुले त्याच्या शेजारून सहज निघून जातात.

ट्विन लेक्सपाशी मदतीचा तळ असतो. स्वारांची कुटुंबे पहाटेपासून तंबू टाकून बसलेली असतात. पाण्याच्या बाटल्या, केळी, कोरडे मोजे यांची देवाणघेवाण चाललेली असते. येथून कोलंबाइनची चढण सुरू होते. दहा-बारा किलोमीटरांत सुमारे एक हजार मीटर उंची गाठायची असते. पहिला भाग झाडांच्या सावलीतून, बऱ्यापैकी गुळगुळीत रस्त्याने जातो. तेथे जोरदार पाय असलेले रस्त्यावरचे स्वार भराभर पुढे सरकतात आणि मनातल्या मनात घड्याळाचे हिशेब करू लागतात. झाडे संपली की हिशेबही संपतो. वर नुसता सुटा दगड, उघडे आभाळ आणि पातळ हवा. माथ्याजवळ, ३,७०० मीटरांच्या वर, सायकल चालवणारे मोजके आणि ती हाताने ढकलत चालणारे शेकडो असतात. एका रांगेत, एकमेकांच्या टाचांकडे पाहत, फारसे न बोलता ते चालतात. त्याच अरुंद वाटेच्या दुसऱ्या कडेने माथ्यावरून परत फिरलेले स्वार सुसाट खाली येत असतात. चालणाऱ्यांतील कोणी डॉक्टर असतो, कोणी शिक्षक, कोणी कारखानदार. आपापल्या गावी प्रत्येक जण क्लबातील नामवंत स्वार असतो. येथे कोणाचे काय आहे, हे कोणी विचारत नाही. विचारायला श्वासच नसतो.

माथ्यावर एक जुनी खाण आहे. तिला वळसा घालून त्याच वाटेने परत यायचे. सकाळी जो उतार होता तो आता चढ झालेला असतो. सव्वाशे किलोमीटर पायांखालून गेल्यावर तीच पॉवरलाइन समोर उभी राहते, आणि तिचा पहिला टप्पा बहुतेकांना पायीच चढावा लागतो.

रस्त्यावरील मोठमोठ्या विजेत्यांनाही या वाटेने सोडले नाही. शेजारच्या गनिसन गावचा डेव्ह वीन्स याने २००३ पासून ही शर्यत ओळीने जिंकली. डोंगरी सायकलीवर पूर्ण कारकीर्द घालवलेला हा शांत गृहस्थ. त्याची पत्नी सुझन डीमॅटी हिने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलीत कांस्यपदक मिळवले होते. २००७ मध्ये फ्लॉइड लँडिस लेडव्हिलला आला. आदल्या वर्षी तूर द फ्रान्समध्ये तो पहिला आला होता, पण उत्तेजक द्रव्याच्या आरोपाची चौकशी अजून चालू होती. तो दुसरा आला. पुढच्या वर्षी लान्स आर्मस्ट्राँग उतरला. त्या वेळी त्याच्या नावावर तूरची सात विजेतेपदे होती. शेवटच्या टप्प्यापर्यंत दोघे बरोबर होते. मग चव्वेचाळिशीचा वीन्स पुढे निघून गेला आणि सुमारे दोन मिनिटांनी जिंकला. तो त्याचा सलग सहावा विजय. गावातील लोकांना आजही ते वर्ष अधिक प्रिय आहे.

आर्मस्ट्राँग २००९ मध्ये परत आला, तो तयारी करून. शेवटी मागच्या चाकातील हवा जात असतानाही तो थांबला नाही आणि जवळजवळ अर्ध्या तासाच्या फरकाने जिंकला. २०१० मध्ये लेवी लाइपहायमर या आणखी एका रस्त्यावरच्या स्वाराने तो विक्रमही मोडला. पुढे या तिघांच्याही कारकिर्दीवर उत्तेजक द्रव्यांचा डाग पडला. लँडिसचे विजेतेपद २००७ मध्येच गेले, आर्मस्ट्राँगची सातही २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि लाइपहायमरने त्याच वर्षी कबुली दिली. रस्त्याचा स्वार डोंगरात जिंकू शकतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आकड्यांवरून शोधणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. त्या मानाने रिबेका रश हिचे उदाहरण बोलके आहे. गिर्यारोहण आणि साहसी शर्यतींत वर्षे घालवलेली ही बाई सायकलीला चक्क घाबरत असे. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने सायकल मनावर घेतली आणि २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे महिलांत ती पहिली आली. २०१७ मध्ये ऑस्ट्रियाच्या अल्बान लाकाटा याने सहा तासांच्या आत शर्यत संपवली. तो डोंगरी सायकलीचाच खेळाडू.

आर्मस्ट्राँगच्या येण्याने गावाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि त्याबरोबर गर्दीही वाढली. प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. २०१० मध्ये क्लाउबर आणि मॉपिन यांनी ही शर्यत एका मोठ्या व्यायामशाळा-कंपनीला विकली. शुल्क वाढले, फलक वाढले, आणि जुनी घरगुती शर्यत आता राहिली नाही अशी कुरकुर जुन्या लोकांत ऐकू येते. ती रास्तही आहे. मात्र त्या आठवड्यात गावातील एकही खोली रिकामी नसते, हेही तितकेच खरे. शर्यतीशी निगडित विश्वस्त निधीतून स्थानिक हायस्कूल पूर्ण करून पुढे शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. क्लायमॅक्सची खाण २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण खिंडीवरच्या नोकरीवाचून दुसरा मार्ग नाही अशी स्थिती आता नाही.

नऊ तासांच्या आत येणाऱ्याला कमरपट्ट्याचे मोठे बक्कल मिळते, बारा तासांच्या आत येणाऱ्याला लहान. खाणकामगार आणि गुराखी यांच्या मुलखातील हे बक्षीस. सायंकाळी सहाच्या सुमारास सिक्स्थ स्ट्रीटवर पुन्हा गर्दी जमते. विजेता केव्हाच स्नान करून जेवलेला असतो. लोक थांबतात ते शेवटच्यांसाठी. दूरवर चढावर एखादा ठिपका दिसू लागतो आणि फुटपाथवरून आरडाओरडा सुरू होतो. चिखलाने माखलेला, गुडघा खरचटलेला, सकाळी कोऱ्या सायकलीवर निघालेला कोणी रस्त्याचा स्वार लाल जाजमावर येतो. त्याला पायडलातून पाय काढायचेही सुचत नाही, तेव्हा दोघे जण त्याला धरून उतरवतात. कोणी तरी घड्याळ पाहून मोठ्याने मिनिटे मोजत असतो.

साडेसहाला बंदुकीचा बार होतो. त्यानंतर येणाऱ्यांना बक्कल मिळत नाही. तरी ते येतातच, आणि लोकही लगेच घरी जात नाहीत. अंधार पडल्यावर गावातील मुले कठडे उचलून कडेला लावून ठेवतात, फार दूर नेत नाहीत. पुढच्या शनिवारी, पहाटे चार वाजता, धावणारे याच नाक्यावर उभे राहायचे असतात.